खळ

कोजागिरी झाली की मी माळ्यावर चढते.
आठळ्यांचं रिकामं मडकं सारून,
फाटक्या जाळ्याच्या गुंडाळीमागून
सांगाडा खाली काढते.
चिवारीच्या चोवीस कामट्या
सासऱ्यांनी तासलेल्या, आमच्या लग्नाच्या वर्षी.
गाठी जाळ्याच्या नायलॉनच्या.
ज्या सुरमईला सुटल्या नाहीत
त्या मला काय सुटणार.

जुना कागद फाडून काढते दरवर्षी
आणि दरवर्षी गाठीखाली थोडा राहतोच.
नखाने खरवडला की वर्षं निघतात.
वर जांभळा, गेल्या सालचा.
त्याखाली वर्तमानपत्राची चिंधी
अर्धं वाक्य धरून बसलेली,
"...समुद्रात जाऊ नये असा इशारा".
त्या वर्षी वादळाने मालवणचा रस्ता तोडला होता,
रंगीत कागद कुठून आणणार?
कंदील काळापांढरा झाला
आणि पेटल्यावर पिवळाच दिसला.
पार आत गुलाबी. रेवा पोटात होती तेव्हाचा.

खळ मंद आचेवर.
मैदा, पाणी, झुरळांसाठी चिमूटभर मोरचूद.
तिचा डबा वेगळा, त्यावर काळी फुली.
रेवा, बोट नको घालू.
रेवा, चाटू नको म्हटलं ना!

खळ उतरली की सारण चढतं.
आमच्याकडे दोन्ही करंज्याच,
एक खोबऱ्याची, एक कागदाची.
दोन्हींची कड ओल्या बोटाने मिटायची.
फुटली तर एक तेल घाण करते,
दुसरी नुसतीच फडफडते.

देवबागात वारा दोन्हीकडून.
सकाळी खाडीचा, दुपारनंतर समुद्राचा,
खारट, चिकट.
खळ सुकत नाही, कागद सुरकुततो,
हात मात्र लगेच सुकतात
आणि बोटांची सालं निघतात पापडासारखी.

सुबोध होडीवर.
दिवाळीची सुट्टी म्हणजे लोकांची सुट्टी,
त्याचा सीझन.
पुण्यानाशिकच्या पोरांना डॉल्फिन दाखवतो,
स्वतःच्या पोरीला फोनवर आवाज.

शेजारच्या लॉजमधल्या बाई कुंपणाशी थांबल्या.
ताई, किती छान! कितीला देता?
मी बसले मनात आकडे मांडत.
कागद चाळीस रुपये, मैदा घरचा,
दोरा फुकट, कामट्या गेलेल्या माणसाच्या.
आणि दुपारी?
भांडी झाल्यापासून शाळा सुटेपर्यंतच्या
अकरा दुपारी?
पतसंस्थेत चार वर्षं लोकांचं व्याज काढलं मी
रेवा होईपर्यंत.
तोंडपाठ होते दर.
ह्याचा दर कुठल्या वहीत बघायचा?

पायरीवर कारिटं मोजत बसलेली रेवा
मान वर न करता म्हणाली,
"इकूचो नाय तो."

यंदा एक बाजू तिने चिकटवलीय.
हिरवी. सुरकुत्यांची, मधे
तिच्या अंगठ्याचा खळीचा ठसा.
रात्री सगळी झोपल्यावर
ओल्या फडक्याने सोडवून
नीट लावावी म्हणून उठले,
हात पुढे केला,
आणि कंदील तेवढा फिरवून ठेवला.
ती बाजू भिंतीकडे नाही,
खाडीकडे.

चावदिसाला पहाटे साडेचारला
सुबोधने अंधारात कारीट फोडलं, चुकीच्या पायाने,
बी जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं,
गोडे पोहे उभ्याउभ्याच खाल्ले
आणि पहिल्या फेरीला निघाला.
पंधरा मिनिटांनी फोन.
मागे इंजिनाची धडधड.
"खाडीतसून दिसता गो. वाकडो लागलो हा."
मी म्हटलं, माहीत आहे.
"नको हलवू," तो म्हणाला.
मग रेंज गेली.

डब्याच्या तळाशी थोडी खळ उरलीय.
झाकून ठेवलीय.
रेवाच्या नकाशांच्या पुस्तकाची पाठ सुटलीय,
किनाऱ्याचं पान तर हातातच येतं.
उद्या तेवढं करून घेईन.